स्लाइडकाकांचं अर्धं यकृत

साहेब परिषदांना जात आणि स्लाइडकाका प्रयोगशाळेत बसून उंदरांची यकृतं कापत. चांगली सव्वीस वर्षं! मेणात बसवलेल्या तुकड्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, रंगवायचे, काचेवर पेन्सिलीने नंबर घालायचा. शोधनिबंधात काकांचं नाव कधी आलं नाही. स्लाइड बिघडली की मात्र सगळ्यांच्या तोंडी तेच.

पण विषय त्यांना तोंडपाठ. दोन तृतीयांश यकृत कापलं तरी उंदराचं आठवड्याभरात भरून येतं. रक्तातून निरोप येतो, पेशीच्या दारावर थाप पडते, आतली प्रथिनं तो हातोहात केंद्रकापर्यंत पोचवतात: वाढा! माप पुरं झालं की दुसरा निरोप: पुरे!

काकांच्या धाकट्या भावाला हे 'पुरे' कधी ऐकूच आलं नाही. दारूपायी त्याचं यकृत कामातून गेलं, आणि द्यायला जुळला तो दादाच.

"उंदरांचं ठीक आहे हो," बायको कडाडली, "तुम्ही उंदीर आहात का?"

"परत वाढतं गं," काका ऐटीत म्हणाले. भावालाही त्यांनी हे दहादा ऐकवलं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी काका नर्सच्या मागे लागले, "सोनोग्राफी करा, पेशी आता जोरात असतील." डॉक्टर हसले. "काका, हे उंदरांचं वेळापत्रक." माणसाच्या यकृताने चांगले तीन महिने घेतले.

तेव्हा भाऊ भेटायला आला. गाल वर आलेले. हळूच म्हणाला, "दादा, परत वाढतंच ना? मग कधीमधी एखादा घोट..."

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. सव्वीस वर्षांत मन लावून ऐकणारा एकच विद्यार्थी मिळाला, आणि तोही हा! मनगट धरून त्यांनी त्याला प्रयोगशाळेत नेलं आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं.

"नुसते व्रणच दिसतायत," भाऊ म्हणाला. "दारू पाजलेला उंदीर का?"

काकांनी काच काढून हातात दिली. पेन्सिलीने त्याचंच नाव होतं. काढून टाकलेल्या यकृताचा तुकडा काकांनी हॉस्पिटलातून मागून आणला होता.

"वाढायचा निरोप याला अखेरपर्यंत येत होता रे. ऐकायला पेशीच उरल्या नव्हत्या. आणि माझं एकदाच कापता येतं. मला तुझ्या जिवाची भीती वाटते."

भावाने काच उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाला, "ही मी नेऊ?"

काकांनी काच कागदात गुंडाळली. भावाने ती आतल्या खिशात ठेवली, पूर्वी बाटली ठेवायचा त्याच.