वाघोबाचं नाक

शेवटच्या संध्याकाळी ती माझं नाक मोजत होती. डिंडोलीतल्या आमच्या खोलीच्या ओट्यावर मी बसलेलो, ती पुढ्यात. अंगठा माझ्या नाकावर दाबायची, मग तोच अंगठा लाकडी मुखवट्याच्या आतून फिरवायची नि पटाशीनं थोडं खरवडायची. वाघोबाचं सोंग होतं ते. घालून बघतो म्हटलं, तर म्हणाली, "आता दिवस बुडाला. उद्या सकाळी घाला." मग खिचडी खाल्ली नि झोपलो.

माझ्या बायकोला गल्लीत सगळे सोंगवाली म्हणत. ती सुरगाण्याकडची, आदिवासी. तिकडं बोहाड्याच्या उत्सवात देवांची, राक्षसांची सोंगं नाचवतात. ती सोंगं तिचा बाप कोरायचा. त्याला मुलगा नव्हता, म्हणून हत्यारं हिच्या हातात आली. पण बाईनं सोंग तोंडाला लावायचं नाही, ही त्यांची रीत. आणि बापाची शिस्त अशी, की चार पावलं नाचल्याशिवाय सोंग घराबाहेर द्यायचं नाही. "तोंडाची ऊब लागली पाहिजे, नाहीतर ते नुसतं लाकूड," असं ती म्हणायची. मग नाचायचं कुणी? मी.

मी लूमवर काम केलेला माणूस. जन्म मशीनच्या खडखडाटात गेला, ताल कुठून येणार? ओट्यावर रावण होऊन नाचायचो, तेव्हा शेजारची रमीलाबेन भाजी निवडायची सोडून हसत बसायची. सगळी सोंगं माझ्याच मापाची. माझं नाक मोठं, म्हणून हिडिंबेचंही मोठं. तरी आतून दर वेळी टोचायचंच. मी कुरकुरलो की ती म्हणायची, "लाकूड बरोबर आहे. नाक चुकलंय."

पुढं कुणीतरी मोबाईलवर तिची सोंगं एका गॅलरीवाल्या शेठला दाखवली. तो गाडी घेऊन गल्लीत आला. म्हणाला, बेन, भिंतीवरच टांगायची आहेत, डोळ्यांना भोकं नसली तरी चालेल. ही म्हणाली, "मग फळीच टांगा."

प्रदर्शनाला आम्हा दोघांना बोलावलं. गुळगुळीत फरशी, गार हवा, लोक सरबत घेऊन हळू आवाजात बोलत होते. हिची नजर भिंतीवरच्या नरसिंहावर गेली. घाईत तेवढा एक माझ्या तोंडाला लावायचा राहिला होता. तिनं खुर्ची ओढली, वर चढून नरसिंह काढला नि माझ्या हातात दिला. मी नाचलो. एका बाईच्या पायावर पाय दिला. लोकांना वाटलं, कार्यक्रमच आहे. टाळ्या काय, व्हिडिओ काय. शेठ खूश, म्हणाला, दर वेळी असंच करा. ही म्हणाली, "ह्यांचे पाय मलाच बघवत नाहीत, लोकांना कशाला?" परत येताना बसमध्ये डिंडोलीपर्यंत हसत होती.

वाघोबाही त्याच शेठकडे जायचा होता. पण माझं नाक मोजलं त्याच रात्री ती झोपेतच गेली.

सकाळी गल्ली जमली. तिला ओट्यावर ठेवलं, माणसं उचलायला वाकली. मी म्हटलं, थांबा. आत जाऊन वाघोबा घेऊन आलो. रमीलाबेन घाबरून म्हणाली, "काका, आ शुं करो छो?"

"सकाळी घाला म्हणून सांगितलंय तिनं."

वाघोबा तोंडावर चढवला नि तिच्याभोवती चार पावलं नाचलो. पाय चुकायचे ते चुकलेच. नाकाला मात्र कुठंच टोचलं नाही.