वॉर्डावरचा पियानो

लग्न होऊन मी मुरुमला आले, त्याच्या आदल्या दिवशी माझा पियानो येऊन पोचला होता. बाजारातल्या हमालांनी तो दोरखंड लावून जिन्यावरून वर चढवला आणि सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. सगळ्यात हवेशीर खोली त्यांनी त्याच्यासाठी रिकामी करून ठेवली होती. खिडकीतून रस्ता दिसायचा, पलीकडं तुरीची रानं. मला वाटलं, इथं आपलं चांगलं चालेल.

मी सोलापुरात वाढले. आमच्या घरामागं चर्चचं आवार होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला पियानो शिकवला, पुढचं शिक्षण पुण्यात झालं. एकटीनं दोन तासांचा कार्यक्रम करायचा आणि त्यातला निम्मा वेळ स्वतःच्या रचना वाजवायच्या, हे मी तेव्हा करत होते. आमच्या भागातून असं करणारी ही पहिलीच बाई, असं निवेदक दरवेळी सांगायचा. ते ऐकताना अवघडल्यासारखं व्हायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. नवरा तेव्हा पुण्यात डॉक्टरकी शिकत होता. प्रत्येक कार्यक्रमाला यायचा, मागच्या रांगेत बसायचा. गावात जाऊन दवाखाना काढणार हे त्यानं पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. मी हो म्हणाले. पियानो काय, कुठंही वाजतो.

पुण्यात मी त्याला अरे म्हणायची. मुरुमला आल्यावर अहो म्हणू लागले. तसं कुणी सांगितलं नव्हतं.

सुरुवातीला खाली तपासणीची एक खोली आणि दोन खाटा होत्या. माझं वाजवणं दुपारी चालायचं. मग दवाखान्याचं नाव झालं. उमरग्याकडची, सीमेपलीकडच्या आळंदची कानडी बोलणारी माणसंही येऊ लागली. नवऱ्याचा हात चांगला, स्वभाव त्याहून चांगला. खाटा वाढल्या आणि माझ्या खोलीच्या बरोबर खाली वॉर्ड झाला.

एका दुपारी मी नव्या रचनेचा शेवट बसवत होते. दोन्ही हातांनी खालच्या सप्तकात जोर लावायचा होता. मागं कुणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून वळले. दारात डोक्यावर पदर घेतलेली माझ्याच वयाची एक बाई उभी होती. चप्पल तिनं जिन्यातच काढलेली.

"बाई, रागावू नका," ती म्हणाली. "आमचे आण्णा जाऊ लागल्यात. तेवढी पेटी जरा बंद ठिवता का?"

मी झाकण लावलं. तिनं हात जोडले आणि खाली गेली. तासाभरानं खालून रडण्याचा आवाज आला. मी त्याच स्टुलावर बसून होते.

त्यानंतर मी ठरवलं, वॉर्ड रिकामा असेल तेव्हाच वाजवायचं. वॉर्ड रिकामा व्हायचाच नाही. तो रिकामा राहावा असं मनात यायचं, आणि लगेच लाज वाटायची, कारण आमचं घर त्यावरच चालत होतं. कधी बाळंतीण असायची, कधी सलाईन लावलेला तापाचा रोगी, कधी विंचू चावलेलं लेकरू. नवऱ्याला विचारलं की तो म्हणायचा, "वाजव ना. फक्त आत्ता नको." हे तो इतक्या मायेनं म्हणायचा की भांडायला जागाच राहायची नाही. गावातही मान होता. भाजीवाली मला तोलून वर दोन मिरच्या घालायची आणि डॉक्टरीणबाई म्हणून गुडघेदुखीवर औषध विचारायची.

माझ्या पियानोला मधलं एक पेडल आहे. ते दाबून अडकवलं की हातोड्या आणि तारांच्या मधे जाड लोकरी फेल्टची पट्टी येते आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून केलेली सोय. मी ते पेडल अडकवलं आणि काही वर्षं ते तसंच राहिलं. खाली ऐकू जाणार नाही इतकं हळू वाजवायला मी शिकले. रचनाही तशाच सुचू लागल्या. थोडे सूर, मधे बरीच जागा.

मग पुण्याहून बोलावणं आलं. सासूबाईंनी स्वतः माझी बॅग भरली. नवरा दोन दिवस दवाखाना बंद ठेवून आला आणि पूर्वीसारखा मागच्या रांगेत बसला. स्टेजवरचा पियानो भलामोठा होता, झाकण पूर्ण उघडलेलं. मी जुनी रचना सुरू केली. जिथं जोर लावायचा तिथं हात उचलले, आणि ते पट्ट्यांवर अलगद येऊन टेकले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तसंच. खांद्यातून खाली येणारी ताकद कोपरापाशी थांबत होती. खाली कुणी झोपलंय असं माझे हात धरून चालले होते. मग मी नाद सोडला आणि मुरुमला लिहिलेल्या रचना वाजवल्या.

लोक उभे राहिले. एका जाणत्या माणसानं येऊन सांगितलं की इतकं नाजूक वाजवणं त्यानं फार वर्षांत ऐकलं नव्हतं, ही माझी स्वतःची शैली आहे, ती जपा. नवऱ्याचे डोळे भरून आले होते. परतताना गाडीत तो तेच तेच सांगत होता. सोलापूर मागं पडल्यावर मी म्हणाले, "मला मोठ्यानं वाजवता येत नाही आता."

त्यानं गाडी बाजूला घेतली. मग इतकंच म्हणाला, "मला कळलं नाही गं."

पुढच्याच आठवड्यात त्यानं थोरल्या दिरांशी बोलणं केलं. त्यांची बाजारात आडत, मागं पत्र्याचं गोदाम. उन्हाळ्यात ते रिकामंच असतं. सासूबाईंना पटलं नाही. डॉक्टरची बायको गोदामात बसून पेटी बडवती म्हणून गाव हसेल, असं त्यांचं म्हणणं. तरी पियानो जिन्यावरून उतरला आणि बैलगाडीच्या चाकांच्या ढिगाशेजारी जाऊन बसला.

तिथं मी पेडल सोडलं. सुरुवातीचे कितीतरी दिवस काहीच झालं नाही, हात ऐकेनात. वर पत्रा तापलेला, अंगाला भुशानं खाज सुटायची, दारात माणसं जमायची आणि कंटाळून जायची. एके सकाळी डावा हात खाली पडला आणि पत्रा झणाणला. कबुतरं उडाली. मी तो सूर पुन्हा मारला, पुन्हा मारला. घामानं पट्ट्या ओल्या झाल्या होत्या. त्या उन्हाळ्यात मी एक मोठी रचना पुरी केली. पेडल अडकवल्यापासून मोठ्यानं ऐकलेली ती माझी एकमेव रचना.

मग पाऊसकाळ सरला आणि सोयाबीन आलं. दीर स्वतः घरी येऊन बसले. आवक सुरू झाल्यावर गोदाम लागणारच होतं, हे मलाही माहीत होतं. त्यांना सांगणं जड जात होतं म्हणून मीच म्हणाले, घेऊन जाऊ परत. तोवर उंदरांनी थोडं फेल्ट कुरतडलं होतं. हमालांनी पियानो पुन्हा वर चढवला. पुढच्या उन्हाळ्यात दिरांनी गोदाम एका व्यापाऱ्याला वर्षाच्या करारानं दिलं. त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही. गावाबाहेर एखादी खोली बांधू, असं नवरा म्हणतो. मनापासून म्हणतो. यंदा मात्र सोनोग्राफीचं मशीन घ्यायचंय.

परवा पुण्याहून पुन्हा फोन आला. मागच्यासारखंच नाजूक काहीतरी घ्या, लोक आठवण काढतात, असं आयोजक सांगत होते. मी म्हणाले, मी गोदामात केलेली रचना वाजवणार, आणि ती मोठ्यानं वाजते. बघू, शेवटी ठेवू, असं ते म्हणाले.

म्हणून आता रोज तिचाच सराव चाललाय, पेडल अडकवून. खाली वॉर्ड भरलेला आहे. काल शेवटचं पान वाजवताना मी खांद्यापासून सगळा जोर लावला, बोटं दुखेपर्यंत. सासूबाई खिडकीपाशी मेथी निवडत बसल्या होत्या. माझं वाजवून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"आज लई हळू वाजवलीस," त्या म्हणाल्या. "बरं वाटत न्हाय का?"

बरी आहे म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी मेथीची दुसरी जुडी घेऊन बसले.