पालथ्या न घातलेल्या प्लेटा

लॅबचा फ्रिज उघडला. सगळ्या प्लेटांना पाणी सुटलेलं. झाकणाला आतून थेंब लटकलेले, खाली जेलीवर डबकी साचलेली. मागं लॅबच्या मॅडम उभ्या, त्यांच्या हातात लघवीची बाटली, अन् बाटलीवर माझ्या पोरीचं नाव.

"फ्रिजात पाऊस पडला का गं?" त्या म्हणाल्या. मग माझं तोंड बघून त्यांनी बाटली बाजूला ठेवली.

मी दहावी नापास. लॅबमध्ये काचा धुते, प्लेटा ओतते. प्लेट म्हणजे झाकणाची छोटी बशी, तिच्यात चायना ग्राससारखी जेली. पेशंटची लघवी तिच्यावर तारेनं रेघोट्या ओढून लावायची, दुसऱ्या दिवशी जंतूंचे सुटे सुटे ठिपके उगवतात, मग ते कोणत्या औषधानं मरतात ते बघायचं. जेली ओली असली की ठिपके सुटे राहत नाहीत, सगळे एकात एक वाहून जातात.

म्हणून प्लेटा टेबलावर पार गार होऊ द्यायच्या, गरम फ्रिजात घालायच्या नाहीत. मग पालथ्या घालून पिशवीत गुंडाळायच्या, फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवायच्या नाहीत. पालथी असली की पाणी झाकणात राहतं, जेलीवर पडत नाय. मला सगळं पाठ होतं.

पण आदल्या दिवशी सकाळीच पोरगी तापलेली. सहा महिन्यांची ती. मी घाईत तवा घासून ओट्यावर पालथा घातला तर सासूबाई कडाडल्या, "लेकरू तापानं फणफणतंय अन् तवा पालथा घालतीस? घरात कोण गेलंय का?" ते डोक्यातच बसलं. संध्याकाळी प्लेटा ओतल्या अन् नवऱ्याचा अंबडच्या कंपनीतून फोन, आईचा फोन आलता, ताप लय चढलाय, तू नीघ. प्लेटा कोमटच होत्या. उचलल्या, पालथ्या घालायला गेले अन् तो तवा आठवला. नाय घातल्या. तशाच उताण्या फ्रिजात सरकवून पळाले.

रात्री तिला दवाखान्यात भरती केली, अन् डॉक्टरांनी तिचीच लघवी आमच्याच लॅबला पाठवली.

दुसऱ्या प्लेटा नव्हत्या. मॅडमनी पाणी निथळलं, झाकणं तिरकी ठेवून प्लेटा गरम पेटीत वाळवल्या, होईल तेवढं केलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर प्लेटवर भाताची पेज सांडल्यागत एकच पांढरा थर. एक ठिपका सुटा नाय. मॅडम म्हणाल्या, यातून काही कळायचं नाही, परत लघवी लागेल. तोवर इंजेक्शनं सुरू झालेली, परतच्या लघवीत काहीच उगवलं नाय. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट असता तर साधं औषध चाललं असतं का ते कळलं असतं, आता अंदाजानं हे कडकच चालू ठेवू.

ताप उतरला. घरी आणली. सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले.

मग एक दिवस माझ्या हातून स्टीलचं ताट पडलं. शेजारणीचं पोरगं दचकून रडायला लागलं. माझी हसत होती, पंख्याकडं बघत. आधी माझ्या बांगड्या वाजल्या तरी मान वळवायची हो ती. मी ताट परत आपटलं. परत आपटलं. शेजारीण म्हणाली, बास कर गं.

मशीनवर तपासलं. दोन्ही कानांनी ऐकू येत नाय. डॉक्टर म्हणाले, त्या कडक इंजेक्शनानं कान गेले असतील, आजारानंही असेल, नक्की सांगता येत नाही. मॅडम म्हणतात, रिपोर्ट आला असता तरी कदाचित तेच इंजेक्शन लागलं असतं, तू मनाला लावून घेऊ नको. पण कदाचितच म्हणतात.

घरी मी कुणाला प्लेटांचं बोलले नाय. सासूबाई अजून तवा सरळ आहे का बघतात, अन् पोरीला मांडीवर घेऊन गाणी म्हणतात. पोरीला ऐकू येत नाय हे त्यांना सांगितलंय, तरी म्हणतात. मी कामावर जाते, प्लेटा गार करते, पालथ्या घालते. रोज घालते. घालताना रोज तो कोमटपणा हाताला लागतो.

घरात तुमचं लेकरू तापानं पडलेलं असतं, अन् कानात सासूचे ते शब्द असते, तर तुम्ही घातल्या असत्या का पालथ्या? खरं सांगा.