खालांच्या बोटाचं नख

खालांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं नख कायम मुळापर्यंत कापलेलं असायचं. बाकीची नखं मेंदीने रंगलेली आणि हे एकच बोडकं. कारण त्या बोटाने खाला अख्ख्या आळीतल्या पोरांची पडजीभ उचलायच्या. मुलाचा घसा धरला, गिळवेना झालं, की आयांची वाट खालांच्या दाराकडे. बोटाला मीठ-हळद लावून त्या आत असं दाबायच्या, की पोर आधी बोंबलायचं आणि संध्याकाळी मुकाट्याने पेज प्यायचं.

एकोणीसशे तिसाच्या पुढेमागे मी लग्न होऊन जुन्या नाशकात आले. सासूबाई कडक सोवळ्याच्या. खालांचा मुलगा भांड्यांना कल्हई करायचा. त्याच्याकडून आलेलं पातेलं त्या तीनदा धुऊन मगच आत घ्यायच्या. पण नातीच्या तोंडात खालांचं बोट मात्र चालायचं! "औषधाला विटाळ नसतो," म्हणायचं की झालं. खालाही काही कमी नव्हत्या. पायरीखाली उभ्या राहून म्हणायच्या, "बाई, मूल इकडे द्या. मी इथेच बरी. माझं बोट तेवढं आत येईल."

आलेल्यांतल्या निम्म्यांना मात्र त्या हात न लावताच परत पाठवत. मुलाला उन्हात धरून, तोंड उघडायला लावून आत बघत. "लाल आहे, नाक वाहतंय, पोर खेळतंय. मग कशाला घाबरता? मिठाच्या गुळण्या द्या, कोमट पाजा. चार दिवसांत जाईल." त्यांचा हा अंदाज सहसा चुकत नसे, म्हणून तर सगळ्यांचा त्यांच्यावर एवढा भरवसा होता. त्यांचा स्वतःचाही होता.

एका थंडीत त्यांच्या नातीचा, सहा वर्षांच्या सकिनाचा, घसा धरला. आत पांढुरकं काहीतरी चिकटलेलं दिसलं, तोंडाला कुबट वास येत होता. दुधाची साय असेल, असं त्यांना वाटलं. बोटाला फडकं गुंडाळून त्यांनी ती पुसायला घेतली. ती निघेना, जोर लावला तर रक्त आलं. तरी त्यांनी एक दिवस वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी सकिनाची मान सुजली, आवाज गेला, श्वासाला घरघर लागली. टांग्यातून सरकारी दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "घटसर्प आहे. कालच आणायला हवी होती." संध्याकाळच्या आत सगळं संपलं.

त्यानंतर खालांनी ते नख वाढू दिलं.

पुढच्या वर्षी आमच्या शकूला ताप आला, गिळवेना झालं. सासूबाईंनी खालांना बोलावणं धाडलं. खाला आल्या, शकूचं तोंड उन्हाकडे करून एकदाच आत पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"अहो, दाबा ना जरा!" सासूबाई म्हणाल्या.

"नाही."

"एवढी का मिजास? एरवी तर आपल्या पायांनी येता."

खालांनी वाढलेल्या नखाचं बोट त्यांच्यापुढे धरलं. "हे बोट बंद झालं, बाई." मग माझ्याकडे वळल्या. "बेटी, तेच आहे. पांढरं, चिकटलेलं. तोंडाला तसाच वास. कुणाला विचारत बसू नकोस. अल्ला के वास्ते, आत्ता जा!"

सासूबाई म्हणाल्या, "पुरुषमाणसं घरी आल्यावर बघू." मी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही. खालांनीच धावत जाऊन टांगा आणला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत टांगेवाल्याला शिव्या घालत माझ्या शेजारी बसून राहिल्या. फाटकाशी मात्र उतरल्या. आत यायला त्यांचे पाय उचलेनात.

घटसर्पावरची सुई वेळेत मिळाली आणि शकू वाचली. घरी आणल्यावर मी तिला घेऊन खालांकडे गेले, पहिल्यांदाच त्यांच्या उंबऱ्याच्या आत. त्यांनी शकूच्या गालावरून हात फिरवला. मला वाटलं, आता हसतील.

"सुई कुठे दिली?" त्यांनी विचारलं.

"मांडीत."

"किती वेळ लागला?"

"काहीच नाही, खाला. ही रडायला लागेपर्यंत देऊनही झाली."

त्यांनी शकूची मांडी चाचपून पाहिली.

"बस? एवढंच होतं?"

मी "हो" म्हणाले. त्या वेळी खोटं बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.