अर्ध्या दाराचा भाग

“बघत बसलं की दार चुकतं. डोळे मिटा, पाऊल ऐका.”

हे दाजींचं पालुपद. लेकीचं गणित अडलं तरी हेच, शेजाऱ्यांच्या भांडणात पंच म्हणून बसवलं तरी हेच, आणि जावयाने नोकरी बदलू का म्हणून विचारलं तेव्हाही हेच. जावई बिचारा आठ दिवस डोळे मिटून बसला आणि शेवटी होता तिथेच राहिला. लोक हसायचे. म्हातारा जन्मभर एका दोरीला लटकला, त्याला दुसरं काय सुचणार, म्हणायचे. पण त्या वाक्यात एक काटा होता आणि तो दाजींच्याच पायात रुतलेला होता.

शहराच्या कडेला एक जुनं गोदाम होतं. त्यात टीव्हीच्या मालिकांचं चित्रीकरण चाले. ताऱ्यांमधून हिंडणाऱ्या एका नौकेची मालिका तिथे तयार व्हायची. दर आठवड्याला नवा भाग, दर भागात नवा ग्रह. खडक मात्र तेच तीन, कागदाच्या लगद्याचे. त्यांना उलटेपालटे करून रंगाऱ्याने चाळीसेक ग्रह उठवले होते. त्या नौकेवरची दारं हात न लावता उघडायची. माणूस जवळ आला की दाराच्या दोन फळ्या ‘सुर्र’ करून दोन बाजूंच्या भिंतींत शिरायच्या, आणि घराघरांतली माणसं टीव्हीसमोर तोंडात बोट घालायची. काय ही विद्या! ती विद्या म्हणजे दोन दोऱ्या, दोन कप्प्या, खाचेत चोळलेला साबण आणि भिंतीमागच्या अंधारात उभी असलेली दोन माणसं. ‘सुर्र’ हा आवाज सायकलच्या पंपाचा. तो मागाहून भरायचे.

दोन माणसांपैकी एक दाजी. दुसरा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणत. दाजी मूळचे सुतार, मेहुण्याला त्यांनीच कामाला लावलं. बारक्या त्यांना दाजी म्हणे; ते ऐकून दिवेवाले म्हणू लागले, मग शिंपी, मग रंगारी, शेवटी कप्तानाचं काम करणारा नटसुद्धा.

“बघ,” दाजी म्हणायचे, “तुझ्या एकट्यापायी सगळा स्टुडिओ माझा साला झाला.”

“मग एकदा सगळ्यांना घरी जेवायला बोलवा,” बारक्या म्हणायचा. “मी एकटा जेवलो तर आक्का पातेल्याचा तळ दाखवते. एवढे साले बघून तुम्हालाच घराबाहेर काढील.”

सुरुवातीला दोघांसमोर एक लाल दिवा असे. दिवा लागला की दोरी ओढायची. पण दिवा लावणारा जांभई देत बसायचा, आणि तिसऱ्याच भागात कप्तानाचं नाक दारावर आपटलं. तेव्हा दाजींनी दिव्यावर फडकं टाकलं आणि कानाने काम सुरू केलं. कप्तान टाच आपटत यायचा. नौकेवरच्या डॉक्टरीणबाई घाईत दोन पावलांची तीन करायच्या. यंत्रं सांभाळणारा म्हातारा उजवा पाय घासत चालायचा. फरशीवर तिसरं पाऊल पडलं की दोरी. उजेड फुटू नये म्हणून दोघांच्या मधे काळा पडदा सोडलेला असे. एकमेकांचं तोंड दिसत नसे. तरी दोन्ही फळ्या एकाच माणसाच्या पापण्यांसारख्या उघडायच्या. दाजींना त्याचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. जगाने ती नौका ताऱ्यांच्या बाजूने पाहिली, या दोघांनी खिळ्यांच्या बाजूने.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवायची, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बघणाऱ्याला जी फळी डावीकडे दिसते, ती मागे उभ्या असलेल्या माणसाच्या उजव्या हाताला येते. मागे उजवीकडे दाजी उभे राहत आणि डावीकडे बारक्या. म्हणजे टीव्हीवरची डावी फळी दाजींची.

एकोणिसावा भाग आला. त्यात नौकेला आग लागते, आणि ती विझवायला यंत्रवाला म्हातारा आतल्या खोलीत एकटाच मागे राहतो. कप्तान त्याला परत आणायला धावत येतो, दार उघडतं, आणि आत कोणी नसतं. एवढंच. पण तालमीत कप्तान असा काही धावला की दिवेवाल्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. कपडेवाल्या बाई दोनदा बाहेर जाऊन आल्या. सगळ्यांनी पाहिलं. दाजी आणि बारक्या सोडून सगळ्यांनी.

दाजींनी मनाशी म्हटलं, अठरा भाग नुसतं ऐकलं, एकदा बघितलं तर काय बिघडलं? त्यांनी खिशातलं गिरमिट काढलं आणि भिंतीला वाटाण्याएवढं भोक पाडलं. बारक्याला ते दिसलं नाही. मधे पडदा होता.

चित्रीकरण सुरू झालं. दाजींनी भोकाला डोळा लावला. पलीकडून कप्तान येत होता. केस विस्कटलेले, तोंडावर काजळी, डोळ्यांत खरं पाणी. दाजी पाहतच राहिले. पावलं वाजली असतील, पण कानाचं सगळं बळ डोळ्यात गेलं होतं. बारक्याची फळी वेळेवर सरकली. दाजींची जागची हलली नाही. कप्तानाचा खांदा तिच्यावर आदळला, हाड मोडल्याचा आवाज दाजींनी ऐकला, आणि मगच त्यांना दोरीची आठवण झाली.

कप्तान खाली पडला. पडल्यापडल्या त्याने अर्ध्या उघड्या दारातून हात आत घातला आणि म्हाताऱ्याला हाक मारली. ती हाक कुठल्याच कागदावर लिहिलेली नव्हती. दिग्दर्शकाने कॅमेरा थांबवला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांनी दाजींना खोलीत बोलावलं. कप्तान महिनाभर येणार नव्हता, काम बंद पडलं होतं, वरून विचारणा झाली होती. साहेब स्वभावाने वाईट नव्हते, पण आयुष्यात कधी त्या भिंतीच्या मागे आले नव्हते.

“डावी फळी अडकली,” साहेब म्हणाले. “डावीकडे कोण उभं असतं?”

दाजींनी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं. घरी बायकोचे दिवस भरत आले होते. एका श्वासाचा अवकाश होता, तेवढ्यात ‘साहेब, समोरून डावं ते मागून उजवं’ एवढंच म्हणायचं होतं. सहा शब्द.

“बारक्या,” ते म्हणाले. शब्दन्‌शब्द खरं बोलले.

बारक्याला संध्याकाळपर्यंत काढून टाकलं. त्याने डबा उचलला, खुंटीवरचा सदरा घेतला आणि दाजींकडे नुसतं पाहिलं. दाजी खाचेत साबण चोळत होते. खाच आधीच गुळगुळीत झाली होती.

“अहो, खरंच त्याच्या हातून झालं?” आक्काने घरी विचारलं. बारक्याची ती आक्का, पण घरात येणारेजाणारेही तिला आक्काच म्हणत.

“साहेबांनी विचारलं, मी उत्तर दिलं,” दाजी म्हणाले.

तो भाग टीव्हीवर लागला आणि लोक वेडे झाले. आगीने दार अर्धंच उघडलं, बिचाऱ्याला मित्रापर्यंत पोचताही आलं नाही, असं म्हणून बायाबापड्या रडल्या. एकोणिसावा कोणी म्हणेना, ‘अर्ध्या दाराचा भाग’ असंच नाव पडलं. मालिका संपली तरी तो भाग संपला नाही. दर दोनचार वर्षांनी पुन्हा दाखवायचे. कप्तान धावू लागला की दाजींना स्वयंपाकघरातला नळ नीट बंद आहे का, हे बघायची आठवण व्हायची. नळ कधीच गळत नव्हता.

बारक्या बसच्या आगारात बस धुण्याच्या कामाला लागला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात नळी. पुढे बढती मिळून तो धुणाऱ्यांचा मुकादम झाला, त्याचा संसार झाला, मुलं झाली. बहिणीकडे यायचा थांबला नाही. पण तो आला की आक्काचं ठरलेलं:

“दार लाव रे. थांब, तू नको. तुला दारं जमत नाहीत.”

सगळं घर हसायचं. बारक्याही हसायचा. दाजी ताटात मीठ शोधत बसायचे. चाळीस वर्षं ही एक थट्टा त्या घरात पुरली. थट्टा वरवरची होती, पण तिच्याखाली आक्काची खरीखुरी नाराजी होती. नवऱ्याने लावलेलं काम भावाने हलगर्जीपणाने घालवलं, नवऱ्याला चारचौघांत मान खाली घालायला लावली, हे ती विसरली नव्हती. दाजींना प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आता जेवण होऊ दे. मग बारक्या बूट घालून निघून जायचा.

आक्का आजारी पडली तेव्हा दाजी तीन दुपारी तिच्या खाटेशी ते वाक्य तोंडात धरून बसले. चौथ्या दुपारी तीच म्हणाली, “बारक्याकडे लक्ष ठेवा. वेंधळा आहे तो.” दाजींनी मान हलवली. त्यानंतर सांगण्यासारखं माणूसच राहिलं नाही.

याला चार वर्षं झाली, आणि लेकीने एक पत्र आणून दाखवलं. मालिकेच्या चाहत्यांनी वाचनालयाच्या सभागृहात दुपारचा कार्यक्रम ठेवला होता. जुन्या कामगारांपैकी जे हयात असतील त्यांना मंचावर बसवायचं होतं.

“जाऊ,” दाजी म्हणाले. “आणि मामाला फोन कर. म्हणावं, यायलाच हवं. पुढच्या रांगेत बस म्हणावं.”

लेकीला नवल वाटलं. पण दाजींनी मनात गाठ मारली होती. आक्काला नाही सांगता आलं, निदान जगासमोर सांगू. बारक्याच्या देखत.

वाचनालयाचं काचेचं दार आपोआप उघडलं. दाजी तिथेच थबकले आणि काचेच्या कडेला डोकावू लागले.

“काय झालं, बाबा?”

“काही नाही. मागे कोण आहे ते बघतोय.”

सभागृहात पोट सुटलेले, केस पिकलेले लोक नौकेवरचे गणवेश घालून बसले होते. पडद्यावर तो भाग लागला. या वेळी दाजी उठले नाहीत. आपली फळी तिथे डावीकडे, सगळ्यांदेखत, दगडासारखी उभी राहिलेली त्यांनी शेवटपर्यंत पाहिली. मग एका बाईंनी माईक हातात घेऊन विचारलं, “ते अर्धं दार मुद्दाम होतं का हो?”

दाजी उभे राहिले. गिरमिट, भोक, कप्तानाचे डोळे, साहेबांचा प्रश्न, आपलं उत्तर, सगळं सांगितलं. “माझ्या मेहुण्याची नोकरी गेली. चूक माझी होती. तो पुढे बसलाय.”

टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. “म्हणजे तो सगळ्यात सुंदर क्षण तुमचा!” बाई म्हणाल्या. कोणी फोटो काढले, कोणी वही पुढे केली, एकाने तर वाकून हात धरला. दाजी “अहो, ऐका तर,” म्हणत राहिले. माणसांच्या फटींतून त्यांना पुढच्या रांगेतली एक खुर्ची रिकामी दिसली.

बारक्या बाहेर फुटपाथवर बसची वाट बघत उभा होता. दाजी धापा टाकत त्याच्याजवळ आले.

“बारक्या, मला फार आधी—”

“मला माहीत होतं, दाजी. तो भाग पहिल्यांदा लागला तेव्हाच, चहाच्या दुकानातल्या टीव्हीवर बघितला. डावी फळी अडकलेली. आमचं डावं ते तिकडून उजवं, एवढं मला कळतं. पण त्याआधी महिनाभर कळलं नव्हतं. ‘डावी अडकली’ म्हणाले, मला वाटलं माझीच. ओढलेली आठवत होती, तरी माझ्याच हाताला शिव्या घातल्या.”

“मग बोलला का नाहीस?”

“कोणाला? आक्काचे दिवस भरलेले. तुम्ही सांगाल म्हणून थांबलो.” तो रस्त्याकडे बघत होता. “जगाला कशाला सांगितलंत? आक्काला सांगायचं होतं.”

दाजी थांब्याच्या खांबावरचा गंज नखाने खरवडू लागले.

“आणि एक सांगू? आगारात मला मान आहे. अर्ध्या दाराचा माणूस म्हणतात. नातीने शाळेत सांगितलंय, ते दार माझ्या आजोबांचं. मी खोटं बोललो नाही, दाजी. तिने विचारलं, मी नुसता गप्प बसलो. तुमच्याकडूनच शिकलो.” तो हसला, पूर्वी आक्काच्या थट्टेला हसायचा तसा. “चूक होती तोवर ती माझी. टाळ्या पडल्या, तशी तुमची झाली.”

“मी आत जाऊन परत सांगतो—”

“नका. पुन्हा टाळ्या पडतील.”

बस आली, थांबली. बारक्या चढला नाही. बस गेली.

“चल,” दाजी म्हणाले. लेकीची वाट न बघता ते घराच्या दिशेने निघाले. उन्हं तिरपी झाली होती, दुकानांचे पडदे खाली येत होते. पाठीमागे वळून बघावं असं फार वाटलं. पण बघणाऱ्याचं काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कान मागे लावले. बारक्याचं पाऊल ते हजारांत ओळखत: आधी हलकं डावं, मग बुटाच्या सवयीने जड झालेलं उजवं. कोपऱ्यापर्यंत ते कान देऊन चालत राहिले. मागे ते पाऊल वाजलं नाही. म्हणजे तो अजून तिथेच उभा होता, आणि बघत होता.