गाडीखालचा डाग

सत्तरच्या दशकात मी सोलापूर-करमाळा टॅक्सी चालवायचो. गाडी जुनी होती, तिला डिझेल इंजिन मागाहून बसवलेलं. त्या हिवाळ्यात ती सकाळी चालू झाली की धक्के खात थरथरायची आणि पाचेक मिनिटांनी आपोआप नीट चालायची. मेकॅनिक म्हणाला, इंजिन खोलावं लागेल.

घरी बायकोला सांगितलं, तर तिनं विचारलं, "दुपारी बंद करून परत चालू केली तर अशीच करती व्हय?"

"न्हाय. रातभर उभी राहिली, की मगच."

"मग रातीत कायतरी गळत असंल की."

संध्याकाळी तिनं गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरली. सकाळी एका कागदावर रुपयाएवढा डाग दिसला. तिनं हुंगून पाहिलं. डिझेलच होतं. डागाच्या बरोब्बर वर डिझेलच्या नळीचा सांधा ओलसर होता, आणि रात्रभर डिझेल गळून तिथूनच नळीत हवा शिरत होती; ती हवा निघून जाईपर्यंत इंजिन धक्के खायचं. मी वॉशर बदलला, नळीतली हवा काढली. दुसऱ्या सकाळी गाडी चालू झाली ती एका लयीतच.

स्टँडवर मी मेकॅनिकला गळक्या सांध्याचं सांगितलं, तर त्यानं विचारलं, "कुणी शोधलं वो?"

"आमच्या मंडळींनी!" मी सगळ्या ड्रायव्हरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.