खडूने लिहिलेला पत्ता

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की मला जागेपणीच झोप येते. कळसाडीचं आमचं अंगण, कडुलिंबाला बांधलेला झोका, पोटात मांडे आणि आमरस. अशा वेळी माणसाने कुठलंही काम हाती घेऊ नये, हे मला आता कळतं. तेव्हा मात्र मी लॅपटॉप मांडीवर घेऊन झोक्यावरच बसले होते.

काम तसं छोटं होतं. नवापूरला एका चाचांचं कोंबड्यांचं शेड आहे. शेडमध्ये मी एक डबी टांगलीय. ती सारखी आतला उकाडा मोजते आणि माझ्या सर्व्हरला कळवते. सर्व्हर म्हणजे क्लाउडवर, कुठेतरी लांब भाड्याने घेतलेली जागा. उकाडा वाढला की तो चाचांना फोन लावतो आणि मलाही. त्या उन्हाळ्यात रोज दुपारी फोन वाजायचाच. चाचा उठायचे, पाण्याचे फवारे सुरू करायचे, वीज गेली असली तर जनरेटर लावायचे.

ते शेड दोन वर्षं रिकामं होतं. मागची बॅच रोगात गेली तेव्हा चाचांनी कुलूप घातलं होतं. ही त्यानंतरची पहिलीच बॅच. हीसुद्धा गेली तर शेड पाडायचं, असं त्यांच्या घरात ठरलं होतं. मला हे सगळं माहीत होतं, आणि तरी मी झोके घेत होते.

आमच्याकडे आखाजीआधी अख्खं घर अंगणात येतं. डबे, पेट्या, गोधड्या, देव्हारासुद्धा. आई भिंतींना चुना देते आणि मग सगळं पुन्हा आत. मीही तिचीच लेक. सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम चढवायचा तर जुन्याला ठिगळं कशाला लावायची? मी जुनी सेवा, म्हणजे तिथला चालता प्रोग्रॅम आणि त्याची जागा, सगळीच काढून टाकली आणि त्याच नावाने नवी उभी केली. फोनवर सर्व्हरचं पान उघडून पाहिलं. छान उघडलं. मी लॅपटॉप मिटला आणि पायाने जमिनीला रेटा दिला.

मग ती दुपार आली. अजूनही डोळे मिटले की मी तिच्यात असते. वर पानांतून हलणारं ऊन, खाली सारवलेल्या अंगणाचा ओला वास, शेजारच्या वाड्यात माहेरवाशिणींची रेंगाळणारी गाणी. झोका पुढे गेला की ऊन पापणीवर यायचं, मागे गेला की सावली. मला वाटलं, मी लहान आहे आणि मला कुणी बोलावत नाहीये. किती सुख होतं त्यात. खरंच कुणी बोलावत नव्हतं.

आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "काय व माय, आज तुन्हा फोन मुका व्हई गया का?"

मी ताडकन उठून बसले. पान उघडलं होतं ते नावाने. नावाला नवा पत्ता आपोआप सापडला होता. पण डबीत नाव नव्हतंच. नवापूर सीमेवर, तिथे डबीतलं सिमकार्ड घटकेत आपल्या टॉवरवर, घटकेत गुजरातच्या. नावावरून पत्ता शोधता शोधता डबी दमून जायची. म्हणून मीच शहाणपणा करून तिच्यात सर्व्हरचा आयपी पत्ता घातला होता, नुसते आकडे. ते आकडे जुन्या सेवेचे होते. सेवा काढली तशी तेही गेले. आता डबी ओरडत होती, आणि ऐकायला तिकडे कुणी नव्हतं.

मी चाचांना फोन लावला. आवाज झोपेतला होता. "बेटा, फोन वाजला नाही, म्हणून जरा लेटलो होतो."

"चाचा, आधी शेडमध्ये जा!"

त्यांनी फोन बंद केला नाही. मला चपलांचा आवाज ऐकू आला, पत्र्याचं दार, मग त्यांचं "या अल्लाह". वीज गेली होती, पंखे थांबले होते. जनरेटर धडधडेपर्यंत मी झोक्याचा दोर धरून उभी होते. पुष्कळ पक्षी वाचले. लांबच्या भिंतीकडचे गेले. ते किती होते, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "घर रिकामं करं तरी दार जागावरच ऱ्हास ना."

जुना पत्ता परत मिळत नाही, तो सोडला की दुसऱ्या कुणाचा होतो. मी नवा पत्ता राखून घेतला. तो आता कुठल्याच सेवेचा नाही, सेवाच त्याला जोडलेली असते. प्रोग्रॅम बदलायचा तर जागच्या जागी बदलते, काहीही काढून टाकत नाही. आणि डबी गप्प बसली तरी आता फोन वाजतो.

दुसऱ्या दिवशी बसने नवापूरला जाऊन डबीत नवे आकडे घातले. जुने आकडे हरवू नयेत म्हणून चाचांनी शेडच्या भिंतीवर, जनावरांच्या डॉक्टरांच्या नंबरखाली लाल रंगात रंगवून घेतले होते. त्यांनी ते चुन्याने झाकले आणि नवे खडूने लिहिले. रंगानेच लिहा, असं सांगायला मला तोंड कुठे होतं?

वर्ष झालं. मधे मी कितीदा तरी प्रोग्रॅम बदलला, पत्ता हलला नाही. परवा आखाजीनंतर शेडवर गेले तर आत नवी बॅच चिवचिवत होती, आणि भिंतीवर खडूच होता. मला जरा लागलंच ते.

"चाचा, अजून भरवसा नाही ना माझ्यावर?"

"तसं नाही, बेटा. रंग दिला आणि मी बघायचंच सोडलं. त्या दिवशी एवढी गरमी, आणि मी फोनची वाट बघत लेटलो. आता रोज सकाळी हे आकडे गिरवतो, डबीचा दिवा बघतो, आत एक चक्कर मारतो."

वर्षभर मी जो दोष एकटीने वाहत होते, त्यातला अर्धा त्यांनी केव्हाच उचलला होता. त्यांनी खिशातून खडू काढला आणि माझ्या हातात दिला. आजचं गिरवणं अजून व्हायचं होतं, शेवटचा आकडा पुसट झाला होता. मी तो गिरवला.